परदेशी पार्टीशी इंग्रजीत व्यवहार: पहिल्या मेलपासून करारापर्यंत

वसई, भांडुप, मरोळ किंवा वागळे इस्टेटमधला कारखानदार परदेशी खरेदीदाराला मेल लिहायला बसला की त्याला पहिली धास्ती वाटते ती व्याकरणाची. ती धास्ती बहुतेक वेळा अनाठायी असते. समोरचा जर्मन किंवा इटालियन माणूसही शाळेतच इंग्रजी शिकलेला असतो, आणि ‘हॅज’च्या जागी ‘हॅव’ पडलं म्हणून त्याची ऑर्डर अडत नाही. ती अडते तारीख, आकडा आणि जबाबदारी यांतून दोन अर्थ निघाले की. ‘होऊन जाईल, टेन्शन घेऊ नका’ हे आपल्याकडे चालतं, कारण त्यामागे जुनी ओळख असते आणि संध्याकाळी फोन करून खुंटा हलवून बघता येतो. तेच ‘इट विल बी डन’ होऊन स्टुटगार्टला पोचलं की त्यात तारीख नसते आणि कोण करणार तेही नसतं. वाचणारा ते न मिळालेलं उत्तर म्हणूनच धरतो.

पाटी आधी नीट लावा

मेल आयडी कंपनीच्या डोमेनचा घ्या. फुकटच्या आयडीवरून आलेलं कोटेशन युरोपातल्या बऱ्याच कंपन्यांत स्पॅममध्ये जातं, किंवा खरेदी विभाग ते गंभीरपणे घेत नाही. मेलखालच्या सहीत कंपनीचं नाव आयईसी (आयात-निर्यात कोड) आणि बँक खात्यावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहा. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे ‘प्रा. लि.’ असं झालं की पुढे पैसे येताना त्यांची बँक प्रश्न विचारते. फोन नंबर लिहिताना +९१ नंतर थेट दहा आकडे, आधीचा शून्य काढून. पत्त्यात ‘गाळा नं. १४, देवळामागे’ असं असेल तर ‘युनिट १४’, इस्टेटचं नाव, रस्ता, शहर, पिनकोड आणि शेवटी ‘इंडिया’ एवढंच ठेवा. ‘गाळा’ हा शब्द परदेशी कुरियरवाल्याला कळत नाही, आणि देऊळ त्याच्या नकाशात नसतं.

पहिला मेल

दीडशे शब्दांच्या आत. आपण काय बनवतो, त्यांच्या कोणत्या मालाशी ते जुळतं, एक तपासता येईल असा पुरावा, आणि शेवटी एकच छोटी मागणी. स्टेनलेस स्टीलचे फ्लँज (पाइप जोडायच्या चकत्या) बनवणाऱ्या युनिटसाठी मजकूर साधारण असा होईल:

‘डिअर मिस्टर वेबर, वुई मेक स्टेनलेस स्टील फ्लँजेस इन ग्रेड्स ३०४एल अँड ३१६एल, फ्रॉम डीएन १५ टू डीएन २००, इन वसई निअर मुंबई. युअर कॅटलॉग लिस्ट्स द सेम रेंज. एव्हरी लॉट शिप्स विथ ॲन ईएन १०२०४ टाइप ३.१ सर्टिफिकेट. कुड यू टेल मी हू हँडल्स न्यू सप्लायर्स फॉर फ्लँजेस? वुई कॅन सेंड टू सॅम्पल्स ॲट आवर कॉस्ट.’

यात ‘लीडिंग मॅन्युफॅक्चरर’ नाही, ‘बेस्ट क्वालिटी’ नाही, ‘एस्टीम्ड ऑर्गनायझेशन’ तर नाहीच. हे शब्द सगळेच लिहितात, त्यामुळे त्यांतून काहीच कळत नाही. ३.१ सर्टिफिकेट मात्र लगेच कळतं: त्याच लॉटच्या चाचणीचे आकडे, आणि खाली उत्पादन विभागापासून स्वतंत्र असलेल्या तपासनिसाची सही. ते देता येत नसेल तर मेलमध्ये लिहूच नका, कारण पहिली विचारणा त्याचीच होईल.

विषयाच्या ओळीत ‘बिझनेस प्रपोजल’ नको. वस्तू, साइज आणि काय हवंय ते लिहा. पंचवीस पानी ब्रोशर जोडू नका. एक पानाची पीडीएफ किंवा लिंक पुरते. उत्तर नाही आलं तर पाच कामाच्या दिवसांनी एकदा आठवण करा, आणि त्यात काहीतरी नवीन द्या: सॅम्पलचा फोटो, एखाद्या साइजचा दर. तरीही शांतता असेल तर तीन महिने विषय सोडून द्या. दर दोन दिवसांनी ‘जेंटल रिमाइंडर’ पाठवणाऱ्याकडे काम नाही, असाच अर्थ निघतो.

संबोधनाचं थोडक्यात. ‘रिस्पेक्टेड सर’ तिकडे विचित्र वाटतं. ‘मिस्टर’ लावायचं ते आडनावाला. ‘मिस्टर थॉमस’ लिहिलं आणि थॉमस हे पहिलं नाव निघालं तर वाचणारा हसतो. जर्मन माणूस स्वतः पहिल्या नावावर येईपर्यंत आडनाव ठेवा, नावामागे डॉक्टर असेल तर तेही. अमेरिकन दुसऱ्याच मेलला ‘हाय’ म्हणून पहिल्या नावावर येतो, तेव्हा आपणही यावं. जपानी आडनावानंतर ‘सान’. चिनी नावात आडनाव आधी येतं. स्त्री की पुरुष कळत नसेल तर पूर्ण नाव लिहा, अंदाज करू नका.

आपलं इंग्रजी, त्यांचं इंग्रजी

‘डू द नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करायचं ते वाचणाऱ्याला शोधावं लागतं. काय हवं ते सरळ लिहा: ‘प्लीज साइन पेज ३ अँड सेंड इट बॅक बाय १८ जून’. ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं तर त्यांना वाटतं की आपला त्यांच्यावर संशय आहे. तिथे ‘क्वेश्चन’ वापरा. ‘प्रीपोन’ आणि ‘आउट ऑफ स्टेशन’ आपल्या देशाबाहेर फार कुणाला ठाऊक नाहीत. लाख आणि कोटी तर कुठल्याच मेलमध्ये नकोत.

तिकडचंही सगळं सरळ नसतं. जर्मन माणसाने ‘इव्हेंच्युअली’ लिहिलं तर त्याच्या मनात बहुधा ‘कदाचित’ असतं, आणि त्याचं ‘अंटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत काम पूर्ण. फ्रेंच माणसाचं ‘वुई डिमांड’ ही धमकी नसते, साधी विनंती असते. जपानी कंपनीकडून ‘इट इज अ लिटल डिफिकल्ट’ आलं तर तो नकार समजा. इंग्रजाचं ‘क्वाइट गुड’ हे कौतुक असेलच असं नाही. मीटिंगमध्ये ‘लेट्स टेबल धिस’ म्हटलं तर ब्रिटिशांच्या लेखी विषय आता चर्चेला घ्यायचा असतो, अमेरिकनांच्या लेखी बाजूला ठेवायचा. शंका आली की विचारायचं ते तारखेच्या रूपात: ‘सो यू नीड द ड्रॉइंग बाय १८ जून, करेक्ट?’

तारीख, वेळ, आकडे

०५/०६ हे मुंबईत ५ जून असतं आणि शिकागोत ६ मे. महिना कायम अक्षरांत लिहा. जर्मन खरेदीदार बऱ्याचदा ‘केडब्ल्यू २४’ असं लिहितो, म्हणजे वर्षाचा चोविसावा आठवडा, सोमवारपासून मोजलेला. २०२६ साली तो ८ ते १४ जून येतो. उत्तरात आठवड्याचा नंबर आणि तारीख दोन्ही द्या, म्हणजे मोजणीत चूक असेल तर तिथेच उघडी पडेल.

आपल्या घड्याळात वर्षभर फरक नाही. त्यांच्या घड्याळात आहे. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत उन्हाळी वेळ चालते. त्यामुळे जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते, म्हणजे युरोपाच्या दोन-तीन आठवडे आधी; त्या दिवसांत तिघांचा कॉल ठरवाल तर कोणीतरी तासभर आधी येऊन बसेल. ‘आयएसटी’ ही अक्षरं आयर्लंड आणि इस्राएलमध्येही त्यांच्या त्यांच्या वेळेसाठी वापरली जातात. ‘मुंबई टाइम’ लिहा आणि कॅलेंडरचं निमंत्रण पाठवा, तेच वेळ बदलून दाखवतं. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. अमिरातीत २०२२पासून शनिवार-रविवार आणि सरकारी कचेऱ्यांत शुक्रवारी अर्धा दिवस.

आकड्यांत स्वल्पविराम घातकी. आपलं १,२५० जर्मनीत सव्वा म्हणून वाचलं जाऊ शकतं, कारण तिथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब वापरतात. म्हणून दर लिहिताना हजारासाठी काहीच वापरू नका, दशांश दोन घरं ठेवा, चलन आणि एकक सोबत लिहा: ‘यूएसडी १२५०.०० पर १०० पीसेस’.

कोटेशन

इथे सैल शब्द थेट पैशात मोजावा लागतो. ‘एफओबी मुंबई’ हे आपल्याकडे सर्रास लिहितात. पण माल जाणार न्हावा शेव्यातून, आणि मुंबई बंदर वेगळं. ‘एफओबी न्हावा शेवा, इन्कोटर्म्स २०२०’ असं पूर्ण लिहा. इन्कोटर्म्स म्हणजे माल पोचवण्याचा खर्च आणि जोखीम कोणाची, हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम. त्यातही माल कंटेनरने जात असेल तर एफसीए बरं, म्हणजे खरेदीदाराने नेमलेल्या वाहतूकदाराच्या हाती माल दिला की जोखीम त्याची. एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम आपली. कंटेनर मात्र त्याच्या कितीतरी आधी यार्डात देऊन आपण मोकळे होतो, आणि मधल्या दिवसांत काही झालं तर नुकसान आपल्याच माथी. ‘मग एल.सी.साठी ऑन बोर्ड बी.एल. कसं मिळणार’ ही शंका रास्त आहे (एल.सी. म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची बँकेची हमी; ऑन बोर्ड बी.एल. म्हणजे माल जहाजावर चढल्याचा शिपिंग लाइनचा दाखला). २०२०च्या नियमांत त्याची सोय आहे: तसं बी.एल. आपल्याला द्यायला खरेदीदाराने शिपिंग लाइनला सांगावं, असं दोघांत ठरवता येतं. हे कोटेशनमध्येच लिहा.

‘लीड टाइम सिक्स वीक्स’, म्हणजे माल तयार व्हायला सहा आठवडे, पण कधीपासून? पी.ओ.च्या (खरेदीच्या ऑर्डरच्या) तारखेपासून, ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून, की ॲडव्हान्स खात्यात पडल्यापासून? ‘सिक्स वीक्स फ्रॉम ड्रॉइंग अप्रूव्हल अँड रिसीट ऑफ ३०% ॲडव्हान्स, व्हिचेव्हर इज लेटर’ एवढं लिहिलं की अर्धी भांडणं होतच नाहीत. तसंच ‘बॅलन्स ७०% अगेन्स्ट कॉपी ऑफ बी.एल.’ लिहिताना किती दिवसांत ते लिहा. ‘व्हॅलिड फॉर ३० डेज’ऐवजी शेवटची तारीख द्या. एचएस कोडचे (कस्टम्समध्ये माल ओळखायच्या नंबरचे) पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे देशागणिक बदलतात. म्हणून सहाच द्या आणि पुढचे त्यांच्याकडून मागवा.

एल.सी.मधले शब्द

लेटर ऑफ क्रेडिटवर यूसीपी ६०० ही नियमावली लागू होते. ती १ जुलै २००७पासून अमलात आहे, आणि रोजच्या इंग्रजी शब्दांना तिने ठरावीक अर्थ दिले आहेत. रकमेच्या, नगांच्या किंवा दराच्या आधी ‘अबाउट’ असेल तर १० टक्के कमी-जास्त चालतं. तारखेच्या आधी ‘ऑन ऑर अबाउट’ असेल तर आधीचे पाच आणि नंतरचे पाच दिवस, दोन्ही टोकं धरून. ‘बिगिनिंग ऑफ जून’ म्हणजे १ ते १०, ‘मिडल’ म्हणजे ११ ते २०, ‘एंड’ म्हणजे २१ ते महिनाअखेर. शिपमेंटसाठी ‘अंटिल २० जून’मध्ये २० तारीख धरतात, ‘बिफोर २० जून’मध्ये नाही. आणि ‘प्रॉम्प्ट’, ‘इमिजिएटली’, ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ या शब्दांकडे बँक सरळ दुर्लक्ष करते.

एल.सी.चा मसुदा हातात पडला की हे शब्द पेनाने गोल करून बघायचे. दुरुस्ती मागायची ती मालाला हात लावण्याआधी. इनव्हॉइसवरचं मालाचं वर्णन एल.सी.मधल्या वर्णनाशी जुळायला हवं. तिथे ‘फ्लँजेस, एसएस ३१६एल’ असेल तर आपण सुधारून ‘स्टेनलेस स्टील पाइप फिटिंग्ज’ लिहायचं नाही, मग ते कितीही बरोबर वाटो. कागद सादर करायला शिपमेंटपासून जास्तीत जास्त २१ दिवस मिळतात, एल.सी.मध्ये वेगळं लिहिलं नसेल तर, आणि तेही एल.सी.ची मुदत संपायच्या आत.

सुट्ट्या, उशीर आणि वाईट बातमी

गणपतीत निम्मे कामगार कोकणात जातात, दिवाळीनंतर छठला उत्तरेकडचे कारागीर गावी निघतात, आणि जुलैत एखाद्या दिवशी लोकल बंद पडल्या की शिफ्टच भरत नाही. मुंबईतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, रॉटरडॅममधल्याला सांगावंच लागतं. मे महिन्यातच एक मेल पाठवा: कोणत्या तारखांना कारखाना बंद, त्याआधीचं शेवटचं डिस्पॅच कधी, त्यासाठी ऑर्डर कधीपर्यंत हवी. त्यांच्याही सुट्ट्या विचारून घ्या. इटलीत ऑगस्टच्या मध्याला कोणी फोन उचलत नाही, जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात तीच गत.

वाईट बातमी लांबवणं हा आपला जुना रोग. ‘सांगू, आधी बघू काही जमतंय का’ म्हणत चार दिवस जातात आणि मग ठरलेल्या दिवशीच मेल जातो, त्यात पाच ओळी माफी आणि शेवटी ‘सून’. परदेशी भागीदाराला उशिरापेक्षा हे जास्त खटकतं, कारण त्याने स्वतःच्या गिऱ्हाइकाला तारीख दिलेली असते. कळल्या दिवशी लिहा, आणि पहिल्याच ओळीत आकडे द्या. समजा १२०० नगांची ऑर्डर, डिस्पॅच १२ जूनला, आणि कास्टिंगचा एक लॉट तपासणीत बाद झाला:

‘९०० पीसेस विल शिप ऑन १२ जून ॲज प्लॅन्ड. ३०० पीसेस विल शिप ऑन २१ जून. द रीझन: वन कास्टिंग लॉट फेल्ड आवर एक्स-रे टेस्ट, अँड वुई हॅव रिजेक्टेड इट. इफ यू नीड ऑल १२०० टुगेदर, वुई विल होल्ड द शिपमेंट टिल २१ जून. प्लीज टेल मी व्हिच यू प्रिफर बाय ९ जून. आय विल सेंड यू द न्यू टेस्ट रिपोर्ट ऑन १५ जून. आय ॲम सॉरी फॉर द डिले.’

माफी एकदाच, शेवटी. कारण एका वाक्यात. निवड त्यांची. आणि १५ तारखेला रिपोर्ट आला नाही तरी १५ तारखेला मेल जायलाच हवा, ‘अजून आला नाही, उद्या चारला सांगतो’ एवढाच का होईना. भरवसा बसतो तो या मेलवर.

कॉल

विषय तीन ओळींत आदल्या दिवशी पाठवा. गाळ्यात प्रेस चालू असताना कॉल घेऊ नका. हेडफोन वापरला तरी ठोके जातातच. आकडे दोनदा बोला, दुसऱ्यांदा एकेक करून: ‘फिफ्टी, फाइव्ह-झीरो’. फिफ्टी आणि फिफ्टीनमधला घोळ फोनवर रोजचा आहे. पार्ट नंबरमधली बी, डी, पी, टी ही अक्षरंही एकमेकांसारखी ऐकू येतात. ‘ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो’ म्हणा. उच्चार गोऱ्यासारखा करायच्या नादाला लागू नका. फक्त वेग कमी करा, आपण मराठीत बोलतो त्याच्या पाऊणपट.

समोरचा बोलताना आपण मान हलवत ‘येस, येस’ म्हणत राहतो. आपल्या मनात ते ‘ऐकतोय’ असतं, त्याच्या वहीत ‘कबूल’ म्हणून उतरतं. म्हणून ‘आय अंडरस्टँड, लेट मी चेक अँड कन्फर्म बाय टुमॉरो’ ही ओळ पाठ असू द्या. कळलं नाही तर ‘कुड यू से दॅट इन अनदर वे?’, यात कमीपणा काही नाही. कॉल संपल्यावर त्याच दिवशी मेल: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि काय राहिलं. व्हॉट्सॲपवर झालेलं बोलणंही याच मेलमध्ये ओढून घ्या. तिथला अंगठा कोणी दिला, कशाला दिला, हे सहा महिन्यांनी सापडत नाही.

कागदावर भागीदारी

मेलमध्ये ‘कन्फर्म्ड’ लिहिण्याआधी थांबा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार निव्वळ इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे करार रद्दबातल ठरत नाही, आणि ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मेलमधून झालेली देवाणघेवाण पक्का करार म्हणून धरली, औपचारिक करारावर सही झालेली नसतानाही. बोलणी चालू असतील तर मेलखाली स्पष्ट लिहा: ‘सब्जेक्ट टू अ साइन्ड कॉन्ट्रॅक्ट’.

वितरकाशी बोलताना ‘एक्सक्लुझिव्ह’ हा शब्द उदारपणे वाटू नका. सर्वसाधारण वापरात एक्सक्लुझिव्ह म्हणजे त्या प्रदेशात आपल्यालाही थेट विकता येत नाही. ‘सोल’ म्हणजे दुसरा वितरक नेमायचा नाही, पण स्वतः विकता येतं. दोन्हींची व्याख्या करारात लिहून घ्या. त्यासोबत प्रदेश, मुदत, वर्षाला किमान किती खरेदी, आणि ती झाली नाही तर हक्क आपोआप जाणार का, हेही. किमान खरेदीशिवाय दिलेला एक्सक्लुझिव्ह हक्क म्हणजे बाजारपेठ फुकटात कुलूपबंद करणं.

मुंबईतल्या प्रत्येक बिलाच्या तळाशी ‘सब्जेक्ट टू मुंबई ज्युरिस्डिक्शन’ छापलेलं असतं. परदेशी भागीदार ते बहुधा मान्य करत नाही, आणि त्याच्या देशातलं न्यायालय आपल्याला परवडत नाही. मधला मार्ग लवादाचा. त्याचा निवाडा १९५८च्या न्यूयॉर्क करारामुळे बहुतेक देशांत राबवता येतो. मुंबईच्या न्यायालयाच्या निकालाला जर्मनीत किंवा अमेरिकेत तसा सोपा रस्ता नाही. कलमात लवादाची ‘सीट’ (कायद्याच्या दृष्टीने ठिकाण) कुठे, भाषा कोणती, लवाद किती, कायदा कुठला, हे चारही लिहा. मुंबईत २०१६पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे. समोरचा नाही म्हणाला तर सिंगापूर सुचवा. कायदा जर्मनीचा ठरला तर मालविक्रीचा व्हिएन्ना करार, वगळला नाही तर, आपोआप लागू होतो, जरी भारत त्यात सामील नसला तरी. इथे मात्र वकिलाला पैसे द्यावेत. नेटवरून उचललेला मसुदा चालवू नये.

एआयकडून मेल लिहून घ्यायला हरकत नाही, पण ते हमखास ‘डिलाइटेड’ आणि ‘सिनर्जी’ घुसडतं, आणि कधीकधी तारीखही बदलतं. मुद्दे आपण लिहायचे, त्याने फक्त वाक्यं सरळ करायची. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग त्यात टाकायचं नाही, एनडीएवर (गोपनीयतेच्या करारावर) सही केली असेल तर मुळीच नाही.

आता बँक खातं. कोणाचा तरी मेल हॅक होतो, बोलण्याचा सूर तोच राहतो, आणि मध्येच एक दिवस मेल येतो: ‘आमचं खातं ऑडिटमध्ये आहे, पैसे या नव्या खात्यात पाठवा’. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एखादंच अक्षर बदललेलं असतं. पहिल्याच प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर (कच्च्या बिलावर) छापून टाका: ‘वुई नेव्हर चेंज आवर बँक डिटेल्स बाय ईमेल. कॉल अस ऑन द नंबर यू ऑलरेडी हॅव.’ आणि त्यांच्याकडून असा मेल आला तर त्या मेलमधल्या नंबरवर फोन करू नका; जुन्या पी.ओ.वरचा नंबर काढा, ओळखीच्या माणसाशी बोला, खात्याचे शेवटचे चार आकडे त्याच्या तोंडून वदवून घ्या, आणि मगच बँकेत जा.